खपली, ग्लुटेन आणि तुमचं दळण

"खपली ग्लुटेन-फ्री असतो ना?" गिरणीवर हे रोज कुणीतरी विचारतंच. नाही. खपली हा गहूच आहे आणि गहू म्हटला की ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिकटपणा देणारं प्रथिन, आलंच. सिलिअ‍ॅक आजार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) असलेल्यांना खपली, बन्सी, लोकवन, शरबती यांतलं काहीच चालत नाही. रवा, मैदा, दलिया, शेवयाही नाहीत. अशा घरातून आजारी माणसासाठी खपली मागितला, तर आम्ही तो देत नाही.

फरक आहे, पण तो वेगळा. खपलीत 28 गुणसूत्रं असतात, लोकवन-शरबतीत 42. या जादा 14 गुणसूत्रांमुळे ग्लुटेनला चिवटपणा येतो, आणि सिलिअ‍ॅकमध्ये सर्वांत जास्त त्रास देणारे काही प्रथिनांचे तुकडेही तिथूनच येतात. म्हणून लोकवनाची कणीक ताणली की लांबते, खपलीची लवकर तुटते. पण खपलीतलं प्रथिन कमी नसतं, बऱ्याचदा जास्तच भरतं. आणि लोकवन 'जीएम', म्हणजे जनुकं बदलून केलेला, आहे ही समजूतही चुकीची: तो गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निवड आणि संकरातून तयार झाला.

सिलिअ‍ॅक नसलेले आमचे काही ग्राहक खपली पोटाला हलका पडतो म्हणतात. त्यांच्या अनुभवावर आमचा विश्वास आहे, हमी मात्र देता येत नाही. गव्हात फ्रुक्टन नावाची शर्करा असते, काहींचं पोट तिच्यामुळेही फुगतं. सिलिअ‍ॅकची शंका असेल तर आधी रक्ततपासणी करा, आणि तोवर गहू खाणं सोडू नका. गहू बंद करून महिने लोटले की आजार असूनही रिपोर्ट निर्दोष येऊ शकतो.

आता आमची खरी विनंती. पथ्याची ज्वारी किंवा तांदूळ घेऊन येतात आणि म्हणतात, "आधी मूठभर ज्वारी टाकून काढा, चक्की साफ होईल." होत नाही. गव्हाचं पीठ दगडाला मारलेल्या टाकीच्या खाचांत, पेटीच्या कोपऱ्यांत आणि पिठाच्या पिशवीच्या शिवणीत बसलेलं असतं. ग्लुटेन-फ्रीची सरकारी मर्यादा किलोला 20 मिलिग्रॅम ग्लुटेन. 5 किलो ज्वारीत एक ग्रॅम गव्हाचं पीठ (त्यात ग्लुटेन साधारण दहावा हिस्सा) गेलं की ती जवळपास संपते. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. दगड उघडून ब्रश मारायला अर्धा तास जातो, मागे रांग थांबते, आणि तरीही तो चिमूटभर निघाला असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

ज्वारी-बाजरीची चक्की आमच्याकडे वेगळी आहे, पण छप्पर एकच. हवेत उडणारं पीठ तिथेही बसतं. म्हणून त्या पिठावर 'ग्लुटेन-फ्री' लिहा असा आग्रह झाला तरी आम्ही लिहीत नाही. पथ्य असलेल्या घरी छोटी घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. त्यासाठी निवडलेली अख्खी ज्वारी आम्ही गव्हापासून लांब, वेगळ्या खोलीत भरून बंद पिशवीत देतो. तरी दळण्याआधी ताटात पसरून एकदा पाहा, गव्हाचा एखादा दाणा शेतातूनच आलेला असू शकतो.

बाकी सगळ्यांसाठी खपली आहेच. कृष्णाकाठचा, सालासकट आणून आम्ही इथेच सडून त्याची साल काढतो. साल वजनात जाते, म्हणून भाव लोकवनापेक्षा चढा. खीर आणि पुरणपोळीसाठी मागणी जास्त असते, सणाआधी चार दिवस नाव नोंदवा.