ब्राझीलचं शालेय जेवण: सारख्या दिसणाऱ्या दोन सरकारी योजना

ब्राझीलमध्ये सरकार छोट्या शेतकऱ्यांचा माल थेट विकत घेतं आणि तो शाळेतल्या मुलांच्या ताटात येतो, असं वाक्य शालेय आहारावरच्या लेखांत वारंवार भेटतं. वाक्य चुकीचं नाही, पण त्यात दोन स्वतंत्र योजना एकत्र कालवलेल्या असतात. एकीचं साल दुसरीला लावलं जातं, दुसरीची टक्केवारी पहिलीला. मग 'ब्राझीलसारखं करा' अशी मागणी करणाऱ्याला आपल्याला नेमकं काय हवंय आणि पैसा कुणाच्या खात्यातून यायला हवाय, हे सांगता येत नाही. म्हणून या दोन योजना नीट वेगळ्या करून पाहायला हव्यात.

पहिली राष्ट्रीय शालेय आहार कार्यक्रम, पोर्तुगीज आद्याक्षरांनी पीएनएई. तिची मुळं १९५५ पर्यंत जातात. दुसरी अन्नखरेदी कार्यक्रम, म्हणजे पीएए. ती २००३ साली, लुला पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले त्या वर्षी, 'शून्य भूक' मोहिमेतून आली. आद्याक्षरं डोळ्यांना सारखीच दिसतात, त्यामुळे पुढे पहिलीला शाळेची योजना आणि दुसरीला खरेदीची योजना म्हणूया.

गल्लत होते याला कारणं आहेत. दोन्ही योजनांत माल देणारे शेतकरी तेच, म्हणजे कायद्याच्या व्याख्येत बसणारे, घरच्या माणसांच्या श्रमावर छोटी शेती करणारे. नोंदणीचा कागदही एकच. पूर्वी त्याला डीएपी म्हणत, आता सीएएफ. दोन्हींत नेहमीची निविदा नाही. अनेक ठिकाणी एकच सहकारी संस्था दोन्हीकडे माल पोचवते. शिवाय खरेदीच्या योजनेतला काही माल शाळांतही पोचलेला आहे. शेताच्या बांधावरून पाहिलं तर फरक कळणं कठीणच.

फरक दिसतो तो पैसा कुठून निघतो ते पाहिल्यावर. शाळेच्या योजनेत पैसा मुलापासून निघतो. शिक्षण मंत्रालयाखालचा राष्ट्रीय शिक्षण विकास निधी दर विद्यार्थ्यामागे, दर शालेय दिवसामागे ठरलेली रक्कम राज्यांना आणि नगरपालिकांना पाठवतो. वर्षाचे २०० दिवस धरले जातात आणि पैसे हप्त्यांत येतात. त्यासाठी कुणाला प्रस्ताव पाठवावा लागत नाही, करार करावा लागत नाही. शाळेच्या पटावर नाव आहे म्हणजे पैसे आहेत. २०२३ मध्ये ठरलेले दर असे: अर्धवेळ शाळेतल्या मुलामागे दिवसाला ०.५० रेआल (रेआल हे ब्राझीलचं चलन), बालवाडीतल्या मुलामागे ०.७२, पाळणाघरातल्या आणि पूर्णवेळ शाळेतल्या मुलामागे १.३७, आदिवासी आणि किलोम्बोला वस्त्यांतल्या शाळांसाठी ०.८६. (किलोम्बोला म्हणजे गुलामगिरीतून निसटून स्वतःची गावं वसवणाऱ्या आफ्रिकी लोकांचे वंशज.) रकमा लहान दिसतात, पण मुलं सुमारे चार कोटी आहेत. केंद्राचा हा पैसा पूरक आहे. उरलेली भर राज्याने आणि नगरपालिकेने घालायची.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी आहारतज्ज्ञ आठवड्याचा मेनू लिहिते. कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला अशी जबाबदार आहारतज्ज्ञ नेमावीच लागते. मेनूवरून यादी निघते: इतके किलो भोपळा, इतकी केळी, इतके घेवडे, अमुक दिवशी, अमुक शाळेत. त्या यादीवरून जाहीर खरेदी सूचना निघते आणि तिच्यात भाव आधीच छापलेला असतो. तो स्थानिक बाजारांतल्या भावांच्या सरासरीवरून काढलेला असतो आणि वाहतूक, बांधणी त्यात धरलेली असते. त्यामुळे सगळ्यात स्वस्त कोण देतो हा प्रश्नच उरत नाही. निवड ठरते ती कोण जवळचा, कोण जमीनसुधारणेतून वसलेला किंवा आदिवासी, कोण सेंद्रिय पिकवतो यावर. मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत मोलाची वाटते ती ही एक गोष्ट. भाव आधी बांधून दिला की छोट्या शेतकऱ्याला घाऊक व्यापाऱ्याच्या दराशी झुंजावं लागत नाही आणि काय पेरायचं ते पेरणीआधी कळतं.

खरेदीच्या योजनेत पैसा शेतकऱ्यापासून निघतो. शेतकरी किंवा त्यांची संस्था सांगते: आमच्याकडे हे पिकतंय, इतकं पिकेल. माल उचलला जातो आणि बहुतेक वेळा लगेच फुकट वाटला जातो. अन्नपेढ्या, सामुदायिक स्वयंपाकघरं, समाजकल्याणाची केंद्रं, वृद्धाश्रम असे त्याचे धनी. माल मिळाल्याची पावती घेणारी संस्था देते आणि पैसे केंद्राकडून येतात, कधी राष्ट्रीय अन्नपुरवठा कंपनी कोनाबमार्फत, कधी थेट शेतकऱ्याच्या खात्यावर. शाळेच्या योजनेत मात्र बिल नगरपालिका चुकतं करते. पैसे अडले तर दार कुणाचं ठोठवायचं, याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं.

आता तीसचा गोंधळ. ब्राझीलबद्दल '३० टक्के' हा आकडा इतक्या ठिकाणी येतो की तो तीन वेगळ्या गोष्टींचा आहे हे लक्षातच येत नाही.

शाळेच्या योजनेतला ३० टक्क्यांचा आकडा २००९ च्या ११,९४७ क्रमांकाच्या कायद्याच्या चौदाव्या कलमात होता. २०२५ अखेरपर्यंत नियम असा होता: केंद्राकडून आलेल्या आहारनिधीपैकी किमान ३० टक्के कुटुंबशेतीचा माल घेण्यावर खर्चायचे. शब्द पुन्हा वाचा: केंद्राकडून आलेल्या निधीपैकी. नगरपालिकेने स्वतःच्या तिजोरीतून घातलेल्या पैशाला हे बंधन नाही. म्हणजे 'ब्राझीलच्या शाळांतलं ३० टक्के अन्न स्थानिक असतं' हे विधान दोनदा चुकतं. टक्केवारी ताटातल्या अन्नाची नाही, आणि कुटुंबशेतीचं म्हणजे स्थानिकच असंही नाही. आधी त्याच नगरपालिकेतल्या शेतकऱ्याला प्राधान्य, तिथे नसेल तर आसपासचा भाग, मग राज्य, मग देश. साओ पाउलोसारख्या महानगराच्या हद्दीत भात कुठून पिकणार? त्या शहराने शाळांसाठी सेंद्रिय तांदूळ घेतला तो देशाच्या दक्षिण टोकाच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातल्या, भूमिहीनांच्या वसाहतींनी उभ्या केलेल्या सहकारी संस्थांकडून. कायद्याच्या दृष्टीने ते पूर्ण बरोबर आहे. पण 'शेजारच्या शेतातून शाळेत' हे चित्र डोळ्यांपुढे धरून बसलेल्याला ते बुचकळ्यात टाकतं.

दुसरा ३० टक्क्यांचा आकडा खरेदीच्या योजनेच्या एका शाखेतला आहे. या शाखेला संस्थात्मक खरेदी म्हणतात आणि ती २०१२ मध्ये सुरू झाली. लष्कराच्या बराकी, सरकारी रुग्णालयं, केंद्रीय विद्यापीठांची भोजनालयं यांना कुटुंबशेतीचा माल निविदेशिवाय, स्वतःच्या अंदाजपत्रकातून घेता येतो. २०१५ च्या हुकमाने केंद्रीय संस्थांच्या अन्नखरेदीत किमान ३० टक्के वाटा असा असावा असं ठरलं. शाळा आणि कँटीन यांना एकाच वाक्यात बसवणारे इथे हमखास घसरतात. विद्यापीठाच्या भोजनालयात येणारा माल शाळेच्या योजनेतला नसतो, आणि खरेदीच्या योजनेच्या निधीतलाही नसतो. योजना फक्त वाट मोकळी करून देते, पैसे संस्थेचेच.

तिसरा आकडा भावाचा. सेंद्रिय मालाला साध्या मालापेक्षा ३० टक्क्यांपर्यंत जास्त भाव देता येतो. बाकीच्या दोन आकड्यांशी त्याचा संबंध नाही.

कागदपत्रांतला फरक वरवर किरकोळ वाटतो, पण त्याने माणसं तुरुंगात गेली आहेत. सप्टेंबर २०१३ मध्ये पाराना राज्यात केंद्रीय पोलिसांनी खरेदीच्या योजनेतल्या कथित गैरव्यवहारावरून 'आग्रो-फांताज्मा' नावाची कारवाई केली. शेतकऱ्यांना आणि कोनाबच्या अधिकाऱ्यांना अटक झाली. आक्षेपाचा मोठा भाग असा होता की प्रस्तावात एक माल लिहिला आणि दिला दुसराच. शेती करणाऱ्या कुणालाही हे कळेल: गारठ्याने एक भाजी गेली म्हणून शेतकऱ्याने तितक्याच किमतीची दुसरी दिली. पुढे खटल्यांत शेतकरी निर्दोष सुटले, पण तोवर कित्येकांनी या विक्रीकडे पाठ फिरवली होती. शाळेच्या योजनेच्या नियमांत अदलाबदलीची सोय लिहूनच ठेवली आहे: बदली माल त्याच खरेदी सूचनेत असावा, पोषणमूल्य तुल्य असावं आणि आहारतज्ज्ञाने ते लेखी मान्य करावं. कुठल्याही देशात अशी योजना लिहिणाऱ्याने या कलमावर आठवडाभर घालवला तरी तो वाया जाणार नाही.

आता प्रश्न टिकाऊपणाचा, आणि माझ्या मते खरा फरक इथेच आहे. शाळेच्या योजनेमागे विद्यार्थ्याचा हक्क आहे. तो राज्यघटनेत आहे, कायद्यात आहे, आणि देखरेखीला प्रत्येक नगरपालिकेत सात जणांचं आहार मंडळ आहे: एक प्रशासनाचा, दोन शिक्षक आणि विद्यार्थ्यांमधून, दोन पालक, दोन नागरी संस्थांचे. हे मंडळ नसेल तर केंद्राचा निधी थांबू शकतो. म्हणून सरकारं बदलली तरी योजना उभी राहिली. कोविडमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा एप्रिल २०२० मध्ये कायदा करून तेच धान्य-भाजी पालकांच्या हाती देण्याची परवानगी मिळाली.

खरेदीच्या योजनेचं नशीब दर वर्षीच्या अंदाजपत्रकावर टांगलेलं. तिला काय द्यायचं हे त्या त्या सरकारच्या मनावर. २०१२ च्या सुमारास ती भरात होती, नंतर निधी आटत गेला. २०२१ मध्ये तिचं नावही बदलून 'आलिमेंता ब्राझिल' करण्यात आलं. २०२३ मध्ये लुला परत आल्यावर १४,६२८ क्रमांकाच्या कायद्याने ती जुन्या नावाने पुन्हा उभी केली गेली.

पण कायद्याचं कवच म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. शाळेच्या योजनेतला दर २०१७ पासून २०२३ पर्यंत हलला नव्हता: अर्धवेळ शाळेतल्या मुलामागे ०.३६ रेआल. मधल्या काळात तांदूळ, तेल, दूध सगळं महागलं. २०२२ मध्ये संसदेने दरवाढीची तरतूद केली होती, ती राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी नाकारली. हक्क शाबूत, टक्केवारी शाबूत, आणि ताटातलं अन्न कमी. कायद्यात वाटा लिहिला पण दर महागाईशी बांधला नाही, याची किंमत मुलांनी मोजली. हे वाचून संताप येतो, आणि यायलाच हवा.

मग खरेदीची योजना दुय्यम का? मुळीच नाही. ती आधी आली म्हणून २००९ चं कलम शक्य झालं. २००३ ते २००९ या काळात छोट्या शेतकऱ्यांच्या संस्था सरकारला माल विकायला शिकल्या: बिल कसं करायचं, क्रेट किती, ठरल्या दिवशी गाडी पोचलीच पाहिजे म्हणजे काय. शाळेचा स्वयंपाक सकाळी सुरू होतो, तिथे उद्या आणतो म्हणून चालत नाही. अन्नपेढीत मात्र थोडं पुढेमागे झालेलं खपतं. नवख्या शेतकऱ्यांसाठी खरेदीची योजना ही तालीम ठरली. ती वगळून थेट शाळांवर टक्केवारीची सक्ती केली असती तर पुरवठा करायला कुणी तयारच नसतं.

ही तयारी सगळीकडे सारखी नाही. आमेझॉनच्या खोऱ्यातल्या गावांची गोष्ट घ्या. तिथल्या शाळांना शहरातून होडीने डबाबंद मांस आणि बिस्किटं जात. गावात ताजे मासे होते, कसाव्याचं पीठ होतं, आसाई नावाच्या पामफळाचा गर होता, पण ते शाळेत चालत नसत, कारण त्यावर आरोग्य तपासणीचा शिक्का नव्हता. तपासणी कार्यालय नदीने कित्येक दिवसांच्या अंतरावर. २०१७ साली आमाझोनास राज्यातल्या केंद्रीय सरकारी वकिलांच्या कार्यालयाने एक तांत्रिक टिपण काढलं: गावाने पिकवलेलं गावच्याच मुलांनी शाळेत खाणं म्हणजे घरचंच खाणं, त्याला कारखान्याचे निकष लावू नयेत. या टिपणाने त्या वस्त्यांत शाळेच्या योजनेचं दार उघडलं. निधी वाढवावा लागला नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून शाळेच्या योजनेतला किमान वाटा ३० वरून ४५ टक्क्यांवर गेला. ज्या नगरपालिका आधीच ३० च्या पुढे होत्या त्यांना हे जड जाणार नाही. ज्यांना ३० सुद्धा गाठता येत नव्हते, त्यांना आधी शेतकऱ्यांची संस्था हवी, थंडगार वाहतूक हवी, जवळ तपासणी कार्यालय हवं. ही कामं शाळेच्या योजनेच्या पैशातून होत नाहीत, कारण तो पैसा फक्त अन्नासाठी आहे.