जातिवंत पिल्लाचा रंग : नावांमागचा इतिहास

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या छोट्या कुत्र्याचं पिल्लू बघायला गेलात की चार नावं कानावर पडतात : ब्लेनहाइम, ट्रायकलर, रूबी आणि ब्लॅक अँड टॅन. यातलं पहिलं नाव ऐकून डोळ्यांपुढे काहीच येत नाही, कारण मुळात ते रंगाचं नाव नाहीच. इंग्लंडमध्ये मार्लबरोच्या ड्यूकचा ब्लेनहाइम नावाचा वाडा आहे. तिथे पांढऱ्या अंगावर तांबूस चट्टे असलेले छोटे स्पॅनियल पाळले जात. वाड्याचं नाव पुढे त्या रंगालाच चिकटलं. एकोणिसाव्या शतकात तर हे चार रंग म्हणजे जवळजवळ चार जाती समजल्या जात. काळा-तांबडा तो किंग चार्ल्स, तीन रंगांचा तो प्रिन्स चार्ल्स आणि सबंध तांबडा तो रूबी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची एकच जात ठरली. कुत्री तीच होती, बदलली ती नोंदवही.

पिल्लू निवडणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी ऐकावी असं मला मनापासून वाटतं. रंगांमधल्या सीमा निसर्गाने जितक्या आखल्या, तितक्याच माणसांनीही आखल्या आहेत.

या आखणीला जोर आला तो 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था, स्थापन झाल्यावर. अमेरिकेचा क्लब 1884 चा. त्याआधी कुत्र्याला ओळख होती ती मुख्यतः कामाची : हा राखणीचा, हा शिकारीचा, हा मांडीवरचा. प्रदर्शनं भरू लागली, वंशावळी छापल्या जाऊ लागल्या, तेव्हा प्रत्येक जातीचं लेखी वर्णन लागू लागलं. स्वभाव शब्दांत पकडणं अवघड, रंग मात्र एका ओळीत लिहिता येतो आणि परीक्षकाला लांबूनही दिसतो. म्हणून रंगाला त्याच्या लायकीपेक्षा जास्त वजन आलं.

मग फॅशन आली. 1886 मध्ये लेडी ब्रॅसी यांनी इंग्लंडमधल्या एका प्रदर्शनात काळे पग उतरवले आणि तोवर फिकट पिवळसर पगांची सवय असलेले लोक पाहतच राहिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1888 मध्ये, व्हिक्टोरिया राणीने फ्लोरेन्सहून मार्को नावाचा पोमेरेनियन आणला. तो चणीने लहान आणि तांबूस सेबल (केसांची टोकं काळसर) रंगाचा होता. इंग्लंडमधले आधीचे पोमेरेनियन बरेच मोठे आणि बहुतेक पांढरे असत. राणीचे कुत्रे 1891 च्या क्रफ्ट्स प्रदर्शनात दिसले आणि लोकांना तसलीच कुत्री हवीशी झाली. आजचा इवलासा केशरी पोमेरेनियन या आवडीतून घडला.

रंग नेमका कसा उतरतो हे कळायला मात्र बराच काळ गेला. क्लॅरेन्स कुक लिटल या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1957 मध्ये कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेची सविस्तर मांडणी केली. पुढे 2005 मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर मादीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि एकेका रंगाचं जनुक भराभर सापडू लागलं. मूळ हिशोब साधा आहे. रंगद्रव्यं दोनच : एक काळं, एक पिवळं-तांबडं. बाकीची जनुकं ती कुठे उमटवायची, किती दाट ठेवायची आणि कुठे पुसून टाकायची एवढंच ठरवतात. ‘ब्लू’ पिल्लू निळं नसतं; काळं रंगद्रव्य विरळ झालं की जो करडा दिसतो, त्याला हे नाव. काळ्याऐवजी तपकिरी विरळ झालं तर त्यालाच ‘लायलॅक’ किंवा ‘इसाबेला’ म्हणतात. नाकाकडे बघा, अंगावरच्या केसांपेक्षा ते जास्त खरं सांगतं. काळं रंगद्रव्य तपकिरी झालेलं असेल, तर नाक आणि पापण्यांच्या कडाही तपकिरी असतात.

‘दुर्मिळ रंग’ म्हणून जाहिरात होते ती बहुधा याच विरळ झालेल्या रंगांची आणि मर्ल नावाच्या तुकड्यातुकड्यांच्या नमुन्याची. यातले काही रंग दुर्मिळ राहिले, कारण जुन्या ब्रीडरांनी ते जाणूनबुजून बाजूला ठेवले. ब्लू रंगाच्या काही कुत्र्यांचे केस वाढत्या वयात गळतात, कातडीला त्रास होतो आणि गेलेले केस सहसा परत येत नाहीत.

मर्लचं प्रकरण अधिक गंभीर आहे. करड्या अंगावर गडद तुकडे विखुरलेला हा नमुना दिसायला फार सुंदर असतो. डॅक्सहुंडमध्ये तो जुना आहे, तिथे त्याला डॅपल म्हणतात. त्यामागचं जनुक 2006 मध्ये सापडलं. त्याची एकच प्रत असेल तर बहुतेक कुत्री ठीक राहतात. पण दोन मर्ल कुत्र्यांचा जोड लावला, तर सरासरी चौथ्या हिश्श्याच्या पिल्लांना दोन्हीकडून ती प्रत मिळते. अशा पिल्लांच्या अंगावर बहुधा पांढरं जास्त असतं, त्यातली बरीच बहिरी निघतात, काहींचे डोळे नीट घडलेले नसतात. एफसीआय या कुत्र्यांच्या जातींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वर्णनात चिवावाला सगळे रंग चालतात, फक्त मर्ल चालत नाही. जाणूनबुजून बहिरं पिल्लू जन्माला घालणाऱ्या जोडीला ‘खास रंग’ म्हणणं मला अजिबात पटत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. मर्ल काळ्या रंगद्रव्यावर उमटतो, तांबड्यावर तो क्वचितच दिसतो. क्रीम किंवा सोनेरी पिल्लू अंगात मर्ल लपवून मोठं होऊ शकतं. पुढे त्याचा जोड दुसऱ्या मर्लशी लागला की वेतात काय आलं ते पाहून मालक चकित होतो.

शिवाय रंग पिल्लासोबत वाढतो, बदलतोही. यॉर्कशायर टेरियर जन्मतो काळा-तांबडा. पाठीवरचा पोलादी करडा रंग उमटायला दोन-तीन वर्षंही लागतात. चंदेरी पूडल काळाच जन्मतो. शि त्झूचा गडद रंगही बहुतेक वेळा फिकटतो. त्यामुळे आठ आठवड्यांच्या पिल्लाचा फोटो दाखवून कुणी रंगाची हमी देत असेल, तर त्याच्याकडे आई-बापाचे आजचे फोटो मागा. वेतात कुणीही मर्ल असेल, तर दोघांच्या जनुकचाचणीचे अहवालही बघा. क्रीम पिल्लात मर्ल आहे की नाही हे मात्र त्या पिल्लाची स्वतःची जनुकचाचणीच सांगू शकते.