ज्युरासिक वर्ल्ड : मूळ चित्रपटाशी तुलना आणि सीमाभागातील प्रेक्षक

‘ज्युरासिक पार्क’ (१९९३, दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग) हा चित्रपट आणि त्याच मालिकेतला ‘ज्युरासिक वर्ल्ड’ (२०१५, दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्होरो) यांची तुलना बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातील मराठी प्रेक्षकांसाठी केवळ तंत्राची नाही. मूळ चित्रपट १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन देशभर लागला. परभाषेतले चित्रपट कन्नडमध्ये डब करण्यास कन्नड चित्रपटसृष्टीचा अनेक दशके विरोध होता. त्यामुळे घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या या भागात डायनासोर हिंदीतूनच आला.

पहिल्या चित्रपटाचे बळ संयमात आहे. १२७ मिनिटांत डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटे दिसतात. टी-रेक्स हा प्रचंड मांसाहारी डायनासोर येतो तो सुमारे तासाभराने, आणि त्याआधी येते ग्लासातल्या पाण्यावरची थरथर. गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून ती छेडल्यावर ही वलये उठली. स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेने बांधलेला यांत्रिक टी-रेक्स सुमारे वीस फूट उंच होता. पावसाच्या चित्रीकरणात त्याची फोमची कातडी पाणी शोषून घेई आणि तो कापू लागे, मग त्याला पुसून कोरडे करावे लागे. ते वजन पडद्यावर जाणवते, कारण ते खरोखरच तिथे होते.

‘ज्युरासिक वर्ल्ड’ने जगभरात सुमारे १६७ कोटी डॉलर कमावले. उद्यानाच्या मालकाच्या भूमिकेत इरफान खान असल्याने भारतीय प्रेक्षकाला तो जवळचाही वाटला. पण त्यातला मुख्य प्राणी, इंडोमिनस रेक्स, प्रयोगशाळेत वेगवेगळ्या प्राण्यांचे जनुक जोडून केलेला आहे. साध्या डायनासोरला लोक कंटाळले म्हणून उद्यानाला तो हवा असतो, आणि चित्रपटही त्याच घाईत सापडतो. सगळे लवकर दिसते, मोठे दिसते, आणि वाट पाहण्याची धडधड उरत नाही. मनात राहतो तो मरणारा, लांब मानेचा अपॅटोसॉरस. त्याचे डोके संगणकाने नव्हे, यंत्राने हलवले होते. शेवटच्या झुंजीत जुना टी-रेक्स परततो, तोही क्षण दमदार आहे. पण ती उधारी पहिल्या चित्रपटाचीच.

सीमाभागातल्या वाचकाला यात आणखी एक गोष्ट दिसावी. निपाणी-चिक्कोडीकडचा काळा पाषाण दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच सुमारास टी-रेक्स उत्तर अमेरिकेत वावरत होता, आणि डायनासोरांच्या विनाशात या लाव्ह्याचा वाटा किती यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. गोकाकच्या धबधब्याचा वालुकाश्म मात्र डायनासोरांच्या फार आधीचा. भारतातले ठळक डायनासोर अवशेष गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातल्या चंद्रपूरकडे मिळाले. मूळ चित्रपटातल्या प्राण्याला पृथ्वीच्या इतिहासात जागा आहे, इंडोमिनसला नाही. विस्मय तिथेच उणा पडतो.

अर्थात पहिला चित्रपटही शास्त्रात चोख नाही. त्यातला शिकारी व्हेलोसिरॅप्टर माणसाएवढा आणि बिनपिसांचा दिसतो, खरा मात्र टर्की कोंबड्याएवढा आणि पिसांचा होता.

२०१८ आणि २०२२ चे भाग मालिकेचा पसारा वाढवतात, ताण नाही. ‘ज्युरासिक वर्ल्ड : रीबर्थ’ (२०२५, दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स) पहिल्या चित्रपटाचे सहपटकथाकार डेव्हिड केप यांनी लिहिला. नदीकाठी झोपलेल्या टी-रेक्सजवळ एक कुटुंब तराफा फुगवते, हा त्यातला प्रसंग मायकेल क्रायटन यांच्या मूळ कादंबरीवरून घेतलेला आहे. २०१५ पासूनच्या भागांत मूळ चित्रपटाच्या संयमाच्या सर्वांत जवळ जातो तो हाच.