पार्श्वभूमी : लघुकथेतला ‘लघु’

कथेचे घटक विचारले की विद्यार्थी कथानक, पात्रे, वातावरण, संघर्ष, संवाद अशी यादी न अडखळता लिहितो. यादी फार जुनी वाटते, पण मराठीत तिला शंभर वर्षेही झालेली नाहीत. ती ‘लघुकथा’ नावाच्या प्रकारासाठी तयार झाली. पुढे त्या नावातला ‘लघु’ गळाला आणि यादी होती तशीच राहिली. विश्लेषण शिकताना होणारे बरेच गोंधळ इथून सुरू होतात.

‘कथा’ हा शब्द अर्थातच जुना. संस्कृतात कथा आणि आख्यायिका असे दोन प्रकार मानत. ही एकाच जातीची दोन नावे आहेत, असे सातव्या शतकातल्या एका काव्यशास्त्रकाराने बजावले होते. मराठीत कथा देवळातली, कीर्तनकाराची. ‘कथेला गेलो होतो’ म्हणजे कीर्तनाला गेलो होतो. व्रताची ती कहाणी आणि निजताना आजीने सांगितलेली ती गोष्ट. महानुभावांच्या ग्रंथांत दृष्टांत आणि त्याचा अर्थ उलगडणारा दार्ष्टांतिक अशी नेमकी वाटणी होती. पुढच्या कथाविचाराने तिचा उपयोग करून घेतला नाही, हे नुकसानच झाले.

छापील गोष्टीला पहिली नावे मिळाली ती नियतकालिकांच्या सोयीने. पुण्यात १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात एकीकडे कादंबरी क्रमशः चाले, तिच्या शेजारी ‘स्फुट गोष्टी’ येत. स्फुट म्हणजे सुटी, पुढच्या अंकाची वाट पाहायला न लावणारी. मासिकांच्या काळात ‘संपूर्ण गोष्ट’ हे नाव आले, त्यातही भाव तोच: याच अंकात संपणारी. गोष्ट लिहिलेली कशी आहे, याबद्दल ही नावे काहीच सांगत नाहीत.

ते सांगायला ‘लघुकथा’ आली. १९२० नंतर इंग्रजी शॉर्ट स्टोरीवरून हे नाव रुळले आणि १९३० च्या सुमारास तिच्या तंत्राची रीतसर मांडणी झाली. थोडी पात्रे, थोडे प्रसंग, वाचकाच्या मनावर एकच परिणाम. आरंभ पकड घेणारा, मध्ये गुंतागुंत, मग उत्कर्षबिंदू आणि शेवटी कलाटणी. आज परीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकांत सापडणारे शब्द बहुतेक याच मांडणीतले आहेत. म्हणजे ‘लघु’ हे पानांचे माप नव्हते. त्या दोन अक्षरांत एक अट होती: परिणामाला न लागणारे सगळे काढून टाका.

१९४५ च्या आसपास नवकथा आली आणि तिने ही अट नाकारली. माणसाच्या मनात एकाच वेळी चाललेल्या चार गोष्टी एका परिणामात कशा बसवायच्या, हा तिचा प्रश्न होता, आणि तो खराच होता. घटना विरळ झाल्या. कलाटणीची गरज उरली नाही. ‘तंत्र’ हा शब्द जवळजवळ दूषण झाला आणि त्याच्या जागी ‘घाट’ आला. भांड्याला असतो तसा घाट, बाहेरून चढवलेला नव्हे तर अनुभवातूनच आकारलेला. समीक्षेने मराठीला दिलेल्या शब्दांत हा मला सर्वांत सुंदर वाटतो. याच काळात ‘संज्ञाप्रवाह’, म्हणजे पात्राच्या मनात अखंड वाहणारा विचारांचा ओघ, हा शब्द रुळला आणि निवेदक हा लेखकाहून वेगळा असतो, ही जाणीवही पक्की होत गेली.

हळूहळू लघुकथासंग्रहांचे कथासंग्रह झाले. कथेची तुलना कादंबरीशी करून तिला ‘लहान’ का म्हणायचे, हा ‘लघु’ गाळण्याच्या बाजूचा युक्तिवाद. उलट बाजू म्हणे, नाव सैल केले की प्रकारही सैल होईल. ‘लघु’ गेला ते योग्यच झाले असे मला वाटते, पण दुसऱ्या बाजूची भीती वर्गात खरी ठरली. नाव नवकथेनंतरचे आणि घटकांची यादी तंत्राच्या काळातली, असा सांधा राहून गेला. मग काहीच न ‘घडणाऱ्या’ कथेतही विद्यार्थी उत्कर्षबिंदू शोधत बसतो, आणि सापडला नाही की कथाच फसली असे लिहून मोकळा होतो.

दुसरी अडचणही त्यातूनच आली. प्रकाराचे नाव ‘कथा’ आणि त्यात जे घडते तीही ‘कथा’. मग कथानक कोणते? घडलेल्या गोष्टींचा सरळ क्रम आणि लेखकाने कारणांच्या धाग्यात ओवून केलेली त्यांची मांडणी यांत फरक आहे. कथानक म्हणजे ही मांडणी. ‘कथानक लिहा’ म्हटल्यावर उत्तरपत्रिकेत सारांश येतो, याचा दोष मुलांना देता येत नाही.

लघुनिबंधातलाही ‘लघु’ असाच गेला, तो ललित निबंध झाला. लघुकादंबरीतला मात्र टिकला, कारण तिथे शेजारी मोठी कादंबरी उभी होती. ग्रामीण कथा, दलित कथा या नावांनी पुढे प्रश्नच बदलला. कथा किती मोठी, यापेक्षा कोणाचे जगणे कोणाच्या भाषेत येते, हे महत्त्वाचे झाले. त्या कथांनी बोली केवळ संवादांपुरती ठेवली नाही, तरी घटकांच्या यादीत ‘भाषा’ अजून शेवटीच येते.

  

आता मोबाइलवर वाचल्या जाणाऱ्या चार-पाच ओळींच्या गोष्टींना ‘अलक’ म्हणतात, म्हणजे अति लघु कथा. हिंदीत याच प्रकाराला ‘लघुकथा’ म्हणतात आणि आपल्या कथेला ‘कहानी’. त्यामुळे हिंदीतली समीक्षा वाचून टिपणे काढणाऱ्याने तिथल्या ‘लघुकथा’ शब्दापाशी थांबून तो ‘अलक’ असा वाचावा.