शेखांचं राहतं घर आणि उन्हाळ्यातली माडी

दुबईला आलेल्या पाहुण्यांना मी ही दोन घरं आवर्जून दाखवते, आणि घरी जाऊन फोटो बघताना त्यांची हमखास अदलाबदल होते. साहजिकच आहे. दोन्ही दुबईच्या शासक मक्तूम घराण्याची, दोन्ही प्रवाळाच्या दगडाची, दोन्हींची दारं सागवानी.

दुबईच्या शिंदगा भागातलं शेख सईद यांचं घर १८९६ सालचं, खाडीच्या तोंडाशी. शेख सईद १९१२ ते १९५८ दुबईचे शासक होते आणि शेवटपर्यंत इथेच राहिले. मध्ये चौक, भोवती खोल्या, वर बारजील, म्हणजे वाऱ्याचे मनोरे. मनोरा आतून तिरक्या भिंतींनी विभागलेला असतो. वारा कुठूनही येवो, एका बाजूने खाली खोलीत उतरतो आणि कोंडलेली गरम हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते.

जुमैरा या किनाऱ्यावरच्या भागातलं घर शेख सईद यांचे पुत्र शेख रशीद यांचं. १९५५ साली बांधलेलं, फक्त उन्हाळ्यात राहायला. त्याचं नाव मजलिस गोरफत उम्म अल शीफ. नावातल्या ‘मजलिस’मुळे ही नुसती बैठकीची जागा असावी असं वाटतं, पण ‘गोरफा’ म्हणजे खोली, आणि इथे ती वरची, आपल्या भाषेत माडी. खाली उघडी ओसरी, वर मजलिस: जमिनीवर गालिचे, भिंतीला टेकलेले लोड आणि खिडक्या. गच्चीवर खजूर वाळवायचे, रात्री तिथेच झोपायचं. या घराच्या डोक्यावर मनोरा नाही, कारण त्याची गरजच नव्हती. तेव्हा जुमैरा कोळ्यांची वस्ती होती आणि माडीवरून समुद्र दिसायचा. शिंदगाचं घर वाऱ्याला पकडून आत आणतं. हे घर स्वतःच उठून वाऱ्याकडे गेलेलं आहे.

म्हणून जतनाचा प्रश्नही दोघांचा वेगळा आहे.

भिंतींची काळजी सारखीच घ्यावी लागते. प्रवाळाचा दगड हातात घेतला की त्याची भोकं दिसतात. याच भोकांतल्या हवेमुळे ऊन आत शिरायला वेळ लागतो. पण दगड समुद्रातला असल्याने मीठही त्याच भोकांत बसलेलं असतं. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, मीठ फुगतं आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. चुना किंवा जिप्समच लावायला हवा, त्यातून भिंत श्वास घेते.

शिंदगातल्या घराचं १९८६ साली संग्रहालय झालं. तिथे जुने फोटो, नाणी, टपाल तिकिटं मांडली होती, आणि मनोऱ्याखाली उभं राहिलं की त्या घराची सगळी युक्ती आजही कळते. जुमैराला तसं होत नाही. घर नीट डागडुजी केलेलं आहे, बागेत खजूर आहेत, फलज आहे, म्हणजे आपल्या वाडीतल्या पाटासारखी पाण्याची वाट. पण माडीच्या खिडकीतून बघावं तर समोर इमारती. समुद्र त्यांच्या मागे, अगदी जवळ आहे, पण दिसत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. आता पाहुण्यांना मी आधी गच्चीकडे बोट दाखवते, मग समुद्र कोणत्या बाजूला आहे ते सांगते, आणि त्यानंतरच आत नेते.