ॲडमिन असूनही फोल्डर का उघडत नाही? ॲडमिन अकाउंट वेगळं, फाइल परमिशन वेगळी

नवीन कॉम्प्युटर आला, जुन्याची हार्ड डिस्क काढून केबलने त्याला जोडली, फोटोंच्या फोल्डरवर डबल क्लिक केलं तर विंडोज म्हणतं तुम्हाला सध्या या फोल्डरची परमिशन नाही. आता डिस्क माझी, फोटो माझे, कॉम्प्युटर माझा आणि वर अकाउंट पण ॲडमिनचं, मग अजून कुणाची परमिशन आणायची? खाली 'कंटिन्यू' बटण होतं पण त्याच्या शेजारी कायमस्वरूपी वगैरे काहीतरी लिहिलं होतं ते वाचून घाबरलो, कॅन्सल केलं आणि फोल्डरवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' शोधत बसलो. सापडलंच नाही. सापडणार कसं, तो ऑप्शन प्रोग्रामवर येतो, फोल्डरवर येतच नाही.

आणि खरं सांगायचं तर सगळा फरक त्यातच आला. ॲडमिन असणं ही काम करणाऱ्याची गोष्ट आहे, म्हणजे तुम्ही आणि तुमच्या नावाने चालणारा प्रोग्राम. परमिशन ही वस्तूची गोष्ट आहे, म्हणजे त्या फाइल किंवा फोल्डरला चिकटवलेली एक यादी, कुणी वाचायचं, कुणी बदलायचं, कुणी डिलीट करायचं. विंडोज प्रत्येक वेळी दोन्ही समोरासमोर ठेवून बघतं आणि मगच दार उघडतं. आपण मात्र काहीही अडलं की ॲडमिन ॲडमिन करत बसतो, साप साप म्हणून भुई धोपटणं चालू.

आधी ॲडमिनचं बघू. विंडोज एक्सपीच्या काळात, म्हणजे २००१ नंतर, घरच्या कॉम्प्युटरवर जवळपास सगळेच ॲडमिन असायचे आणि जो प्रोग्राम चालवाल त्याला सरसकट सगळे अधिकार मिळायचे, व्हायरसला पण. मग व्हिस्टा आलं आणि त्यात तो स्क्रीन काळपट करून 'हो की नाही' विचारणारा यूएसी आला, ज्याला लोकांनी भरपूर शिव्या घातल्या (मी पण घातल्यात). पण त्याच्या आत काय चालतं ते कळलं की शिव्या जरा कमी होतात. ॲडमिन अकाउंटने लॉगिन केलं की विंडोज तुम्हाला दोन टोकन, म्हणजे तुम्ही कोण आणि तुम्हाला काय काय करता येतं हे सांगणारी ओळखपत्रं, बनवून देतं, एक पूर्ण अधिकाराचं आणि एक छाटलेलं, आणि रोजचं सगळं काम, तो फायली दाखवणारा एक्सप्लोरर धरून, त्या छाटलेल्या टोकनवर चालतं. पूर्ण टोकन कपाटात पडून असतं आणि तुम्ही यूएसीला हो म्हणालात की तेवढ्या एका प्रोग्रामपुरतं बाहेर निघतं. म्हणजे ॲडमिन अकाउंट असलं तरी दिवसातला बहुतेक वेळ तुम्ही ॲडमिन नसताच!

विश्वास बसत नसेल तर साधा कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची ती काळी खिडकी) उघडून हूॲमआय कमांडला स्लॅश ग्रुप्स लावून बघा (whoami /groups), ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपच्या पुढे 'फक्त नकारासाठी वापरलेला ग्रुप' अशा अर्थाची ओळ दिसेल. याचा अर्थ असा की एखाद्या यादीत ॲडमिनिस्ट्रेटर्सना मनाई असेल तर ती तुम्हाला लागू होते पण परवानगी असेल तर ती मात्र मिळत नाही, तोट्यात भागीदार आणि फायद्यात नाही. तोच प्रॉम्प्ट 'रन ॲज' करून उघडला की ती ओळ जाते.

याच दोन टोकनांमुळे काही गमतीदार त्रास पण होतात. नेटवर्कवरचा मॅप केलेला ड्राइव्ह (दुसऱ्या मशीनवरचा फोल्डर, ज्याला इथे ड्राइव्हचं अक्षर दिलेलं असतं) एक्सप्लोररमध्ये दिसतो आणि ॲडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्राममध्ये गायब होतो, किंवा ॲडमिन म्हणून उघडलेल्या नोटपॅडमध्ये फाइल ओढून टाकायला गेलं तर टाकताच येत नाही. दोन्हीत बिघाड काहीच नाही, एकाच माणसाची दोन रूपं आहेत आणि त्यांचं आपसात फारसं येणंजाणं नाही.

आता परमिशन. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी टॅब, तिथे जी यादी दिसते ती. ही भानगड एनटीएफएस फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायच्या विंडोजच्या पद्धतीची, १९९३ च्या विंडोज एनटीपासूनची. यादीत नावं दिसतात पण विंडोज आत नावं ठेवत नाही, प्रत्येक अकाउंटला एक लांबलचक नंबर असतो, त्याला एसआयडी म्हणतात, आणि यादीत तो नंबर असतो. म्हणून तर जुन्या डिस्कवर नावाच्या जागी एस-१-५-२१ ने सुरू होणारी आगगाडी दिसते, तो जुन्या कॉम्प्युटरवरचा 'मी' असतो ज्याला नवीन कॉम्प्युटर ओळखत नाही. अकाउंटचं नाव तेच ठेवलं, पासवर्ड तोच ठेवला तरी नंबर वेगळा, त्यामुळे विंडोजच्या दृष्टीने माणूस वेगळा.

पेनड्राइव्हवर मात्र हे सगळं लागू नाही, कारण तो बहुतेक वेळा एफएटी३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि तिथे अशी यादी नसतेच, सिक्युरिटी टॅबच दिसत नाही. ज्याच्या हातात पेनड्राइव्ह त्याच्या सगळ्या फायली.

यादीत 'अलाव' आणि 'डिनाय' दोन्ही असतात आणि डिनाय हा प्रकार घरी कृपया वापरू नका. लोकांना वाटतं की बाकीच्यांना बंद करायचं म्हणजे एव्हरीवन या सगळ्यांच्या ग्रुपला डिनाय टाकायचा, पण एव्हरीवनमध्ये तुम्ही पण येता. एखाद्याला द्यायचं नसेल तर त्याचं नाव यादीतून काढा, बास, यादीत नाव नाही म्हणजे परवानगी नाही. क्रम पण लक्षात ठेवण्यासारखा आहे, त्याच फाइलवर थेट लावलेला नकार आधी बघितला जातो, मग थेट लावलेली परवानगी, मग वरच्या फोल्डरकडून वारसाने आलेला नकार आणि शेवटी वारसाने आलेली परवानगी, त्यामुळे 'डिनाय नेहमीच जिंकतो' हे जे सगळीकडे वाचायला मिळतं ते पूर्ण खरं नाही, थेट दिलेली परवानगी वारसाच्या नकारावर भारी पडते. हे सगळं डोक्यात ठेवायचं नसेल तर ॲडव्हान्स्डमध्ये 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' नावाचा टॅब आहे, तिथे अकाउंट निवडलं की शेवटी हिशोब काय होतो ते विंडोज स्वतःच सांगतं. इतकी कामाची गोष्ट आणि कुणी उघडत नाही.

मग ॲडमिनला फाइलवर खास हक्क काहीच नाही का? आहे, पण तो वेगळ्या जातीचा आहे. प्रत्येक फाइलला एक ओनर असतो आणि ओनरला ती यादी बदलता येते, यादीत त्याचं नाव नसलं तरी. आणि ॲडमिनला हा अधिकार असतो की तो कुठल्याही फाइलचा ओनर बनू शकतो. म्हणजे ॲडमिन यादी ओलांडून आत जात नाही, आधी मालकी घेतो, मग यादीत स्वतःचं नाव लिहितो आणि मग आत जातो. लिनक्सवाल्यांचा गोंधळ इथेच होतो, कारण तिकडे रूट हे मुख्य अकाउंट म्हणजे खरोखरच राजा, वाचायला लिहायला त्याच्यासाठी परमिशन तपासलीच जात नाही, कमांडच्या आधी सुडो लावलं की ती रूट म्हणून चालते आणि काम झालं. तीच सवय घेऊन विंडोजवर आलात की डोकं फिरतं. मॅकवर तर २०१५ च्या एल कॅपिटन आवृत्तीपासून रूटला पण सिस्टिमच्या फायली बदलता येत नाहीत.

माझ्या जुन्या डिस्कवर ह्या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बघायला मिळाल्या म्हणून सांगतो. शेवटी धीर करून फोटोंच्या फोल्डरवर कंटिन्यू दाबलं आणि तो उघडला. का उघडला? तर यादीत जुन्या 'मी' सोबत ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप पण होता, आणि त्या ग्रुपचा नंबर प्रत्येक विंडोजवर एकच असतो, त्यामुळे पूर्ण टोकनवाल्याला आधीपासूनच परवानगी होती, फक्त एक्सप्लोरर छाटलेल्या टोकनवर चालत असल्याने अडला होता. कंटिन्यू दाबल्यावर विंडोजने काय केलं तर एक्सप्लोररला ॲडमिन नाही बनवलं, त्या फोल्डरच्या यादीतच माझ्या नवीन अकाउंटचं नाव घालून दिलं. तो 'कायमस्वरूपी' शब्द त्यासाठी होता. अडचण टोकनची आणि बदल केला यादीत, गंमत आहे की नाही! स्वतःच्या फोटोंवर काही बिघडत नाही, पण दुसऱ्या कुणाच्या प्रोफाइलच्या फोल्डरवर सहज म्हणून कंटिन्यू दाबलं तर तुमचं नाव तिथे राहून जातं हे लक्षात असू द्या.

दुसरा एक फोल्डर मात्र कंटिन्यू दाबल्यावर पण हटला नाही, त्याने वेगळाच मेसेज दिला, की तुम्हाला मनाई केलेली आहे, सिक्युरिटी टॅब वापरा. आणि सिक्युरिटी टॅबमध्ये यादीच दिसेना, ओनर कोण तेही दिसेना. कारण कधीकाळी मीच हुशारी करून एव्हरीवनला डिनाय ठोकला होता. जुन्या मशीनवर मालक मीच होतो, तेव्हा यादी दुरुस्त करता आली असती, पण ते माहीत नव्हतं म्हणून तो फोल्डर तसाच पडून राहिला. नवीन मशीनवर मालक तो अनोळखी नंबर. मग ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ओनर बदलून मी झालो, सगळ्या खिडक्या बंद करून परत उघडल्या, तेव्हा यादी दिसली, डिनायची ओळ काढली, स्वतःला फुल कंट्रोल दिला आणि उघडला. हेच काम टेकओन (takeown, मालकी घ्यायला) आणि आयकॅकल्स (icacls, यादी बदलायला) या कमांडनी पण होतं, पण त्या ॲडमिन म्हणून उघडलेल्या प्रॉम्प्टमध्येच चालवा आणि कुठल्या फोल्डरवर चालवताय ते दोनदा वाचा, एक पायरी वर चुकलात तर पूर्ण ड्राइव्हची वाट लागते.

म्हणून मेसेज नीट वाचायची सवय लावा. 'ॲडमिनिस्ट्रेटरची परमिशन द्यावी लागेल' आणि खाली कंटिन्यू असं आलं तर सहसा टोकनचा प्रश्न, हो म्हणायचं आणि पुढे जायचं. 'अमुक अमुककडून परमिशन घ्या' असं नाव किंवा नंबर घेऊन आलं तर यादीचा प्रश्न. त्या नावाच्या जागी ट्रस्टेडइन्स्टॉलर दिसलं तर हात जोडून मागे फिरा, त्या विंडोजच्या स्वतःच्या फायली आहेत, व्हिस्टापासून त्यांची मालकी मुद्दामच ॲडमिनकडे ठेवलेली नाही.

दोन्हीपैकी काहीच नसताना अडतं असंही होतं बरं का. फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी असेल तर डिलीट होत नाही, तो प्रोग्राम बंद करा. विंडोज सिक्युरिटीमधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू असेल तर परमिशन असून पण अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करू देत नाही. आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड ओन्ली' समोर जो भरलेला चौकोन दिसतो त्याच्याकडे सरळ दुर्लक्ष करा, त्याचा परमिशनशी संबंध नाही, तरी लोक तो काढायला तासन्तास घालवतात.

कशापासून कोण वाचवतं हे पण वेगवेगळं आहे. साधं अकाउंट वापरलं तर तुमच्या नावाने शिरलेला चुकीचा प्रोग्राम विंडोजला, इतर प्रोग्राम्सना आणि दुसऱ्या युजरच्या फायलींना सहजासहजी हात लावू शकत नाही. पण तुमच्या स्वतःच्या डॉक्युमेंट्सवर तुम्हाला परमिशन आहे ना, मग तुमच्या नावाने चालणाऱ्या रॅन्समवेअरला (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला) पण आहे, त्याला ॲडमिन व्हायची गरजच नाही. तिथे बॅकअपच कामाला येतो, आणि तो पण कॉम्प्युटरपासून काढून ठेवलेला. तसंच परमिशनची यादी पाळते कोण, तर चालू असलेलं विंडोज. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की तिथला ॲडमिन मालकी घेऊन मोकळा, जे मी स्वतःच्याच डिस्कवर केलं तेच चोर पण करणार, त्याला उपाय म्हणजे डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशा रूपात सगळं साठवणं.

घरी मी आता एक ॲडमिन अकाउंट वेगळं ठेवलंय आणि रोजच्या वापराची सगळी अकाउंट साधी. काही इन्स्टॉल करायचं असलं की यूएसी ॲडमिनचा पासवर्ड मागतो, तेवढाच काय तो त्रास, आणि नुसतं हो दाबण्यापेक्षा पासवर्ड टाकताना माणूस एक सेकंद तरी विचार करतो. सगळ्यांनी मिळून वापरायच्या फायली पब्लिक फोल्डरमध्ये. तुमचं सध्याचं अकाउंट ॲडमिन असेल तर आधी नवीन ॲडमिन अकाउंट बनवा, त्याला पासवर्ड द्या, त्याने एकदा लॉगिन करून चालतंय ना ते बघा आणि मग तिथूनच जुन्या अकाउंटचा प्रकार स्टँडर्ड करा. फायली इकडून तिकडे हलवायच्या नाहीत, काही कॉपी करायचं नाही. जुन्या अकाउंटचा एसआयडी तोच राहतो, म्हणून ॲडमिनपद गेलं तरी तुमचे फोटो आणि डॉक्युमेंट्स दुसऱ्या दिवशी जिथल्या तिथे, न विचारता उघडतात.