साहाय्यित निवास

एकट्याने दिवस निभावणे जड जाते, पण रुग्णालयात राहावे इतके आजारपण नाही, अशा व्यक्तींची, मुख्यतः वृद्धांची, राहण्याची सोय. तिला ‘असिस्टेड लिव्हिंग’ असेही म्हणतात. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे केरेन ब्राउन विल्सन यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना प्रत्यक्षात आणली. पक्षाघातानंतर त्यांच्या आईला नर्सिंग होममध्ये, म्हणजे सततची शुश्रूषा लागणाऱ्यांच्या निवासी संस्थेत, राहावे लागले होते. निवाऱ्याला स्वतःचे दार असावे आणि त्याला आतून कडी लावता यावी, हा त्यांचा आग्रह आजही या व्यवस्थेचा कणा आहे.

कोणाला किती मदत लागते हे ठरवताना अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेली सहा कामे पाहतात: आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, पलंग-खुर्चीवरून उठबस, मलमूत्रावर ताबा आणि हाताने जेवणे. त्यावरून प्रत्येकाचा काळजी-आराखडा तयार होतो. पडणे किंवा आजारपण झाले की तो बदलावा लागतो. जेवण, साफसफाई, कपडे धुणे, दवाखान्यात ने-आण या सेवा बहुधा सर्वांना मिळतात.

मदतनिसाचे खरे कसब मात्र हात आखडता घेण्यात आहे. थरथरत्या बोटांनी सदऱ्याची बटणे लावायला दहा मिनिटे लागतात. मदतनीस ती एका मिनिटात लावून देऊ शकतो. पण रोज तसेच झाले, तर ती बोटे बटण लावणे विसरतात. म्हणून शेवटचे, गळ्याजवळचे बटण तेवढे लावून द्यावे. मनुष्यबळ अपुरे असले की पहिला बळी या थांबण्याचाच जातो, आणि जागा निवडणाऱ्या कुटुंबाने सजावटीआधी हेच पाहायला हवे.

औषधांकडेही तितकेच लक्ष लागते. रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्यांमुळे उठताना तोल जाऊ शकतो. त्यामुळे रात्री आधी पलंगाच्या कडेला थोडे बसवून मगच उभे करतात. न्हाणीघरातली मदतीच्या घंटेची दोरी जमिनीपर्यंत सोडलेली हवी. पडलेल्या माणसाचा हात उंचावरच्या बटणापर्यंत पोहोचत नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी काही ठिकाणी वेगळा विभाग असतो. सततची शुश्रूषा किंवा गुंतागुंतीचे उपचार लागू लागले, की बहुधा निवासी व्यक्तीला दुसरीकडे हलवावे लागते. ती वेळ केव्हा येईल आणि तेव्हा कोण काय करील, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी ठरवून घ्यावे.